झरेवाडीच्या एकतीस विहिरी

चंद्रप्पा हुडगे यांनी आयुष्यात स्वतःची म्हणून एकही रेघ काढली नव्हती. हे ते स्वतःच सांगत, आणि सांगताना त्यांना जराही वाईट वाटत नसे. ते सरकारी ट्रेसर होते. दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली, त्यावर निळसर पारदर्शक कापड, आणि खालच्या रेघेवरून वर शाईची रेघ ओढत न्यायची, एवढंच त्यांचं काम. बावीस वर्षं ते दुसऱ्यांच्या रेघांवरून चालत आले होते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९८६ च्या मे महिन्यात. विष्णुपुरीला आमची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती आणि सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाची पत्रं वाटली जात होती. मुलांना धरण मिळालं, कालवा मिळाला, रस्ता मिळाला. वर्गात आम्ही दोघीच मुली. त्यातली एक लग्न ठरलं म्हणून सुटली. माझं काय करायचं यावर सरांनी बराच विचार केला आणि शेवटी म्हणाले, "हिला नियोजनाच्या ऑफिसात पाठवा. उन्हात जावं लागणार नाही. तिथं पंखा असतो."

पत्र लातूरचं होतं. लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती आणि शहराला अजून जिल्ह्याचं गाव असण्याची सवय लागायची होती. रोज कुठंतरी नवी पाटी लागत असे. ऑफिसं मिळेल त्या माडीवर, मिळेल त्या गोदामावर चढून बसली होती. मला जायचं होतं ते ऑफिस पुढं दुसऱ्या एका मोठ्या ऑफिसात विरघळून गेलं, तेव्हा त्याचं नाव सांगून आता उपयोग नाही. माझी मावशी लातूरला राहत होती, म्हणून घरून परवानगी मिळाली. देगलूरला आमचं भुसार मालाचं दुकान. वडिलांनी मला एसटीत बसवून दिलं आणि खिडकीतून सांगितलं, "साहेबांना उलटून बोलू नको. आणि पंख्याखाली बसू नको, डोकं दुखतं."

पंखा होता, पण तो लावत नसत. खालच्या मजल्यावर मिरचीचं गोदाम होतं, आणि पंखा लावला की मिरची वर येई.

साहेबांचं नाव भुजंगराव मुळे. मनानं चांगला माणूस, पण कागदाला भिणारा. त्यांनी माझं पत्र दोनदा वाचलं.

"प्रशिक्षणार्थी," ते म्हणाले. "म्हणजे आम्ही तुम्हाला काम द्यायचं?"

"शिकवायचं, सर."

"शिकवायचं." साहेब शिंकले. "बरं. पण हे बसवायचं कुठल्या फायलीत?"

हा प्रश्न कुणालाच सुटेना. बदलीची फाईल होती, रजेची होती, निलंबनाचीही होती, पण शिकायला आलेल्या माणसाची नव्हती. शेवटी माझ्या पत्राला आवक क्रमांक पडला, समासात तीन शेरे झाले आणि ते 'मार्गदर्शन मिळावे' म्हणून औरंगाबादला रवाना झालं. मार्गदर्शन येईपर्यंत मी कागदोपत्री आलेलीही नव्हते आणि न आलेलीही नव्हते. बसायला खुर्ची दिली तर ती कुणाच्या नावावर दाखवायची, म्हणून मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या तिरक्या टेबलामागून आवाज आला. "साहेब, उत्तर येईस्तोवर बाईला माझ्याकडं द्या. माझ्याकडं एक स्टूल हाय. माझं सोताचं हाय, घरून आणलेलं."

बोलणारे गृहस्थ पन्नाशीच्या आतबाहेर होते. बारीक अंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, आणि उजव्या हाताची तीन बोटं कायमची निळी. तेच चंद्रप्पा.

"कुठल्या गावच्या?"

"देगलूर."

"नाव?"

कॉलेजात मी रत्ना होते. पण त्या निळ्या बोटांसमोर मला खोटं बोलवेना. "रत्नम्मा."

"हां, हे नाव झालं. बसा अव्वा," आमच्याकडं बाईला मारतात त्या मानाच्या हाकेनं ते म्हणाले. "आज फकस्त पेन्सिलीला टोक करायचं. उद्या बघू."

माझं प्रशिक्षण असं सुरू झालं. पहिले तीन दिवस पेन्सिलीला टोक. चौथ्या दिवशी रेघ. रेघ ओढताना श्वास घ्यायचा नाही, ही त्यांची पहिली शिकवण. "श्वास घेतला की रेघ पोट सोडती," ते म्हणत. दुसरी शिकवण शिंकेची. मिरचीमुळं ऑफिसात सगळेच शिंकत, पण चंद्रप्पांना आपली शिंक दोन सेकंद आधी कळत असे. ते पेन उचलत, डावीकडं वळत, शिंकत, आणि पेन जिथून उचललं तिथंच पुन्हा टेकवत. चार वर्षांत त्यांच्या एकाही नकाशावर डाग पडला नव्हता. मला ही विद्या शेवटपर्यंत साधली नाही.

आठवडाभरात मी विचारायला शिकले आणि ते सांगायला. जिल्हा फुटला तेव्हाची हकिकत त्यांनी मला कापडावर शाई वाळता वाळता सांगितली.

जुन्या जिल्ह्याच्या ऑफिसात ते अठरा वर्षं होते. नवा जिल्हा झाल्यावर माणसं वाटली, कपाटं वाटली, घड्याळं दोन होती म्हणून एकेक घेतलं. चंद्रप्पांचं गाव निलंग्याकडचं, म्हणून ते इकडं आले. सोबत निजामाच्या काळापासूनचे गावोगावचे नकाशे, पत्र्याच्या एकसष्ट नळकांड्यांत भरून. एसटीच्या टपावर नळकांड्या बांधून ते स्वतः टपावर बसले होते, कारण कंडक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता.

"एकसष्टच्या एकसष्ट आणल्या," ते म्हणाले. "पण सूची तिकडंच राहिली."

"कसली सूची?"

"नकाशातल्या खुणांची. कुठली खूण म्हंजी काय, त्याचा एक ताव असतो. तो भिंतीला लावलेला होता. मी नळकांड्या मोजून राहिलो होतो, भिंतीकडं कोण बघतंय."

त्यांनी जुन्या ऑफिसला चार पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं की सूची पाठवली आहे. दुसऱ्याचं आलं की सूची त्यांच्याकडं कधीच नव्हती. उरलेल्या दोन्हींचं आलंच नाही. मग चंद्रप्पांनी डोकं लावून स्वतःच सूची तयार केली आणि पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलामागं टांगली. देऊळ, मशीद, नदी, गाडीवाट यांत चूक होण्यासारखं काही नव्हतं. अडचण होती ती दोन वर्तुळांची. एक रिकामं वर्तुळ, आणि एक मधोमध ठिपका असलेलं. त्यातली एक खूण विहिरीची आणि एक खळ्याची, एवढं त्यांना नक्की आठवत होतं.

"मग कसं ठरवलंत?"

"विचार केला. विहिरीत काय असतं? पाणी. म्हंजी ठिपका. खळ्यात काय असतं? रिकामी जागा."

मला ते पटलं. मी कॉलेजात पहिल्या दहांत होते.

त्याच आठवड्यात वरून तातडीचा कागद आला. पाऊस दोन वर्षं दगा देत होता, मे महिन्यात गावोगाव टँकर धावत होते, आणि कुठल्या गावात किती विहिरी आहेत याची यादी तीन दिवसांत हवी होती. तीन दिवसांत नऊशे गावं फिरणं कुणालाच शक्य नव्हतं. भुजंगराव साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हुडगे, आपल्याकडं नकाशे आहेत ना? मोजा."

आम्ही मोजल्या. मी वर्तुळं मोजायची, चंद्रप्पा लिहायचे. ठिपक्याची वर्तुळं भरपूर होती. एकेका गावात वीस, पंचवीस. झरेवाडी म्हणून नव्वद घरांचं गाव होतं, तिथं एकतीस निघाल्या. चंद्रप्पांनी तेव्हा पेन थांबवलं होतं, हे मला आठवतं. "एकतीस जरा लई वाटतात," ते म्हणाले. मग नकाशाकडं बघून स्वतःच म्हणाले, "पण गावाचं नाव झरेवाडी हाय." आणि लिहून टाकलं.

यादी गेली आणि चौथ्या दिवशी साहेबांना शाबासकी आली. तीन दिवसांत यादी देणारं आमचं एकच ऑफिस होतं, आणि आमच्या यादीप्रमाणं जिल्ह्यात पाण्याची काही ददातच नव्हती. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. मलाही दिला, पण कपबशीची नोंद चंद्रप्पांच्या नावावर झाली.

पुढच्या सोमवारी सकाळी जिन्यावर भांड्यांचा आवाज झाला. आधी एक पितळी घागर वर आली, मग ती डोक्यावर घेतलेली एक उंच, दणकट म्हातारी, आणि तिच्यामागं पंधरा-सोळा बाया, सगळ्यांकडं रिकाम्या घागरी. म्हातारीचं नाव नागुबाई. झरेवाडीहून त्या भाकरी बांधून निघाल्या होत्या. तिनं साहेबांच्या टेबलावर, बरोबर शाबासकीच्या कागदावर, घागर ठेवली.

"सायब तुमीच का?"

"मीच. काय काम आहे?"

"आमच्या गावाचा टँकर बंद झाला. आमी इचारलं का, तर म्हणले, तुमच्या गावात एकतीस विहिरी हायत. कागदावर लिवलंय. कागद कुणी दिला इचारलं, तर ह्या माडीचं नाव सांगितलं." ती जमिनीवर फतकल घालून बसली. बायाही बसल्या. "तर आमाला त्यातली एक दाखवा. बाकीच्या तीस तुमास्नी ठिवून घ्या."

साहेब शिंकले. बाया खाली गोदामाकडं बघून नाकाला पदर लावू लागल्या, पण उठली एकही नाही.

"नकाशावर आहेत," साहेब म्हणाले.

"मंग नकाशावर दोर सोडायचा का?" नागुबाईनं शांतपणे विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

मी चंद्रप्पांकडं पाहिलं. ते पुठ्ठ्यावरच्या सूचीकडं पाहत होते आणि त्यांचा चेहरा कपाळावरच्या भस्मासारखा झाला होता.

साहेबांनी जागेवर पाहणीचा हुकूम काढला. पाहणी तांत्रिक माणसानं करायला हवी होती, आणि ऑफिसात तांत्रिक असं कुणीच नव्हतं. मग त्यांना मी आठवले. त्याच सकाळी औरंगाबादहून माझ्याबद्दलचं मार्गदर्शन आलं होतं. तिथल्या लोकांना वाटलं होतं की आम्ही एक नवं पद मागत आहोत, आणि त्यांनी 'पदाच्या आवश्यकतेबाबत सविस्तर समर्थन' मागवलं होतं. साहेब म्हणाले, "हेच ते समर्थन. जा तुम्ही. हुडगे, तुम्हीही जा."

अशी मी उन्हात गेले.

एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून नागुबाई आणि तिच्या बायांबरोबर तीन मैल पायी. चंद्रप्पांनी झरेवाडीची नळकांडी छातीशी धरली होती. वाटेत दर थोड्या वेळानं ते तिचं झाकण दाबून बघत. गावात शिरल्यावर नागुबाईनं कुणाकडून तरी दोर आणि पोहरा मागवला आणि खांद्यावर टाकला.

"आता सांगा, पयली कुठं हाय?"

मी नकाशा लिंबाखाली अंथरला, देऊळ आणि ओढा यांवरून दिशा धरली आणि पावलं मोजत निघाले. मागं चंद्रप्पा, मागं नागुबाई, मागं गाव. कॉलेजात शिकलेलं पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाला आलं होतं, आणि मी मनातून खूश होते. एका शेताच्या कोपऱ्यात थांबून मी म्हणाले, "इथं."

तिथं सपाट, टणक, गोल जागा होती. शेणानं सारवल्याच्या जुन्या खपल्या अजून दिसत होत्या. मधोमध एक लाकडी खांब.

नागुबाई पुढं आली. तिनं पोहरा जमिनीवर ठेवला, दोर हळूहळू सैल सोडला, मग ओढून पोहरा उचलला आणि आत डोकावली. "न्हाई लागलं," ती म्हणाली. "दुसरी?"

दुसरीही तशीच. तिसरीही. प्रत्येक ठिकाणी नागुबाई त्याच गंभीरपणे पोहरा सोडत होती, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांची हसण्याची तयारी वाढत होती, पण ती मागं वळून बघायची आणि ते गप्प व्हायचे. नवव्या ठिकाणी मला रडू यायला लागलं. बाराव्या ठिकाणी चंद्रप्पा खांबापाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्यावर हात ठेवला.

"तिवडा," ते म्हणाले.

"मंग काय तर," नागुबाई म्हणाली. "खळ्यात तिवडा नसंल तर बैल कशाभवती फिरवायचे? तुमी कधी खळं बघितलं न्हाई का?"

"बघितलंय," चंद्रप्पा म्हणाले. "सोळा वर्षाचा होईस्तोवर बैलाच्या मागं मीच फिरलो." त्यांनी नकाशा हातात घेतला आणि ठिपक्यावर निळं बोट ठेवलं. "हा तिवडा हाय. हे खळं. अन् विहीर म्हंजी नुसतं भोक. रिकामं."

"हे कुणालाबी कळंल," नागुबाई म्हणाली.

चंद्रप्पा त्या खळ्याच्या कडेला बसले. मला वाटलं ऊन लागलं. पण ते म्हणाले, "अव्वा, बावीस वर्षं मी रेघेवरून गेलो. रेघेखाली काय हाय ते बघाया एकदाबी गेलो न्हाई."

एकतीसच्या एकतीस जागा आम्ही पाहिल्या, कारण नागुबाईनं मधेच सोडू दिलं नाही. अर्धी राहिली तर उरलेल्यांत पाणी होतं असं पुन्हा कागदावर येईल, असं तिचं म्हणणं. तीस खळी निघाली. एकतिसाव्या ठिकाणी पिंपळाचा पार होता. तिथं एक म्हातारे गृहस्थ झोपले होते, त्यांना उठवून नागुबाईनं त्यांच्या उशाशी पोहरा सोडला.

मग चंद्रप्पा उठले, पुन्हा नकाशा अंथरला आणि रिकामी वर्तुळं शोधू लागले. ती चार होती. तीन विहिरी गावाला ठाऊक होत्या. तिन्ही कोरड्या, एकीत कुत्रं पडलेलं. चौथी कुणालाच माहीत नव्हती. मी पावलं मोजत गेले आणि गुंडप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या उकिरड्यावर जाऊन उभी राहिले. पुरुषभर उंच, तीन पिढ्यांचा उकिरडा.

"इथं विहीर हाय," चंद्रप्पा म्हणाले.

एकतीस विहिरींच्या अनुभवानंतर त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवावा असं काही नव्हतं. गुंडप्पा म्हणाला, "मिरगाच्या आधी मी खत हलवत नसतो. अन् आजच ह्या मास्तरांनी आमच्या म्हाताऱ्याला पाराव विहीर हाय म्हणून उठवलंय."

"मी मास्तर न्हाई," चंद्रप्पा म्हणाले, "मी ट्रेसर हाय." गुंडप्पाला त्यानं काही फरक पडला नाही.

पण नागुबाईनं दोर खाली ठेवला, पदर खोचला आणि पहिली पाटी स्वतः भरली. मग गुंडप्पाची बायको आली, मग बाकीच्या. आम्हाला शेवटची एसटी पकडायची होती, म्हणून आम्ही निघालो. तेव्हा गुंडप्पा उकिरड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून पाट्या कुठं रिकाम्या करायच्या ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी अहवालाचा प्रश्न उभा राहिला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"शाबासकी आलीय हो. आता विहिरी कमी झाल्या हे लिहू कसं? गेल्या कुठं?"

"नव्हत्याच, साहेब."

"तसं लिहिता येत नाही." ते विचारात पडले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा उजळला. "असं लिहा. सदर विहिरींचे कालौघात खळ्यांमध्ये रूपांतर झाल्याचे आढळून आले."

"साहेब, विहिरीचं खळं होत न्हाई."

"बुजवली की होतं."

"तीस विहिरी बुजवाया झरेवाडीला शंभर वर्षं लागतील. अन् नुसती झरेवाडी न्हाई. सगळीच यादी चुकलीय. आणखी किती गावांचा टँकर बंद होईल, मालूम न्हाई." चंद्रप्पा साहेबांपुढं एवढं लांब कधी बोलले नव्हते, त्यामुळं ते थांबले, डावीकडं वळले आणि शिंकले. "चूक माझ्या सूचीची हाय. माझ्या नावावर लिहितो."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. आता चूक कुणाच्या तरी नावावर बसत होती, म्हणजे तिला फाईल होती.

चंद्रप्पांनी दोन दिवस बसून नवी यादी केली. सगळी गावं, रिकाम्या वर्तुळांप्रमाणं. वरच्या भागात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'आधीच्या यादीतील विहिरी या खळी असून, अनुरेखकाच्या गैरसमजामुळे विहिरी समजल्या गेल्या. प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करावी.' खाली कोपऱ्यात नेहमीचे तीन चौकोन आखले. 'काढले', 'तपासले', 'मंजूर'. पहिल्यात त्यांनी सही केली. मग पेन माझ्याकडं केलं.

"'तपासले'मध्ये तुमची सही."

"माझी? मी तर अजून आलेच नाही कागदावर."

"झरेवाडीत पावलं कुणी मोजली? मी की तुमी?"

मी श्वास रोखून सही केली. रत्नम्मा, पूर्ण नाव. माझी सरकारी कागदावरची ती पहिली सही. तिसरा चौकोन रिकामा राहिला तर कागद अपुरा दिसला असता, म्हणून साहेबांनीही सही केली. फक्त करताना डोळे मिटून घेतले.

झरेवाडीचा टँकर चौथ्या दिवशी सुरू झाला. पुढच्या पंधरवड्यात आणखी अकरा गावांचे सुरू झाले. आणि गुंडप्पाच्या उकिरड्याखाली खरंच दगडी काठ लागला. चंद्रप्पांना हे सांगायला नागुबाई स्वतः आली, घागर न घेता. बारा हात गाळ काढल्यावर पाणी झिरपायला लागलं होतं. माणसाला पिववणार नाही असं ते होतं, पण गुरं पीत होती. "माणसाला टँकर, गुरांना ट्रेसर," ती म्हणाली, आणि आमच्या ऑफिसात पहिल्यांदा सगळे एकदम हसले.

चंद्रप्पांना कारणे दाखवा नोटीस आली. शिपायानं ती आणून दिली तेव्हा ते उठून उभे राहिले आणि उभ्यानंच वाचली. मग मला वाचायला दिली. 'श्री. चंद्रप्पा शिवलिंगप्पा हुडगे, अनुरेखक.' बावीस वर्षांत त्यांचं नाव वडिलांसकट टाईप झालेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. नकाशावर ट्रेसरचं नाव घालायचं झालं तर मुंगीएवढ्या अक्षरात, तेही आडनाव तेवढं. त्यांनी नोटीस घरी नेली. त्यांच्या पत्नी बसम्माबाई, लिहिता-वाचता न येणाऱ्या. त्यांना वाटलं बढती झाली. त्यांनी कागदाला भस्म लावलं, देवापुढं ठेवला आणि शिरा केला. चंद्रप्पांनी दोन दिवस शिरा खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी खरं सांगितलं.

"मग काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणली, शिरा तर झालाय. आता नोटीस कशाची का असंना."

प्रकरण एका ताकिदीवर मिटलं. माझे सहा आठवडे संपले. कॉलेजला द्यायचं प्रमाणपत्र साहेबांनी चंद्रप्पांना लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं की सदर विद्यार्थिनीने तीस खळ्यांची, एका पाराची व पाच विहिरींची पाहणी केली. विहिरी चारच होत्या, असं मी म्हटलं. त्यांनी खोडलं, चार केलं, आणि खोडलेल्या जागी सही केली. माझ्या सरांनी ते प्रमाणपत्र वाचून विचारलं, "पंखा होता ना पण?"

पुढची सात वर्षं आमच्या कॉलेजातून दरवर्षी एक-दोन विद्यार्थी त्या ऑफिसात जात राहिले. फाईल एकदा तयार झाल्यावर ती बंद करणं साहेबांना जमलं नाही. माझ्यामागून गेलेल्या मुलांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. चंद्रप्पा त्यांना टेबलापाशी बसूच देत नसत. पहिल्या दिवशी एक नळकांडी हातात द्यायची आणि एसटीत बसवायचं. खुणेपाशी जाऊन उभं राहायचं, तिथं काय आहे ते डोळ्यांनी बघायचं, कुणाला तरी विचारायचं, आणि मग परत यायचं. मन्मथ नावाच्या एका मुलाला त्यांनी एका देवळाच्या खुणेसाठी चाकूरच्या बाजूला तीनदा पाठवलं. तिसऱ्यांदा त्याला कळलं की देऊळ नाही, जकातनाका होता.

ते निवृत्त झाले आणि निलंग्याजवळच्या आपल्या गावी गेले. मी तोवर नांदेडला नोकरीला लागले होते, लग्न झालं होतं, दोन मुलं होती. त्या बाजूला रस्त्याच्या कामासाठी जीपनं गेले तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेले. गावाच्या तोंडाशी रस्त्यालगत 'निलंगा १४' अशी पाटी होती आणि तिच्या शेजारी, गुडघ्याएवढा, चुन्यानं रंगवलेला एक दगड. त्यावर त्या ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'निलंगा १३.६'.

चंद्रप्पा अंगणात बाजेवर बसले होते. बोटं आता निळी नव्हती. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"दगड तुमचा का?" मी विचारलं.

"माझाच. तीनदा चालून गेलो. दोनदा जाताना मोजलं, एकदा येताना. एसटीवाले ऐकत न्हाईत. म्हणतात, चौदाचा स्टॉप हाय." त्यांनी जीपकडं पाहिलं. "तुमी निलंग्यावरनंच आलात ना? गाडीचा काटा काय म्हणतो?"

मी परत जीपपाशी गेले. ड्रायव्हरनं निघताना आकडा लिहून ठेवला होता, नशीब माझं. वजाबाकी करून मी सांगितलं, "तेरा पूर्णांक सात."

त्यांनी मान हलवली, उशाखालची वही काढली आणि लिहून घेतलं. मग विचारलं, "देवळापाशी वळून आलात की नाल्याकडनं?"

"देवळापाशी."

"मंग बरोबर हाय. तिथं शंभर मीटर वाढतं," ते म्हणाले. वही मिटून त्यांनी घरात हाक मारली, "बसम्मा, देगलूरची अव्वा आलीय. ताक आण."